दोन दिवसांच्या कार्यशाळेवर समुपदेशक होता येतं का?

प्रश्न थोडक्यात असा: परळ-लालबाग भागातल्या एका अनुदानित मराठी शाळेत नववीला विज्ञान शिकवणाऱ्या बाईंवर मुख्याध्यापकांनी 'समुपदेशक' म्हणून जबाबदारी टाकली आहे. दोन दिवसांची कार्यशाळा झाली, प्रमाणपत्र मिळालं. आता मुलं येऊन बोलू लागली आहेत, आणि एका मुलीनं "बाई, कुणाला सांगू नका हं" म्हणून जे सांगितलं, तेव्हापासून बाईंना झोप नाही. पुढे कोणतं प्रशिक्षण घ्यावं, आणि तोवर काय करावं?

बाई, मुलीनं काय सांगितलं ते तुम्ही लिहिलं नाहीत, हे चांगलं केलंत. पण ती गोष्ट जीव देण्याबद्दल असेल, किंवा कुणी तिच्या अंगाला हात लावल्याबद्दल असेल, तर प्रशिक्षणाचं नंतर बघू. आज शाळा सुटायच्या आत तिला गाठा. दोन्हींबद्दल खाली लिहिलंय, मधलं सोडून थेट तिथे गेलात तरी चालेल.

आता तुमचा प्रश्न. दोन दिवसांत समुपदेशक होता येत नाही. याचं वाईट वाटून घेऊ नका, दोन वर्षांच्या एम.ए.नंतरही लगेच होता येत नाही. मी एम.ए. करून समुपदेशक म्हणून पहिल्या शाळेत रुजू झाले तेव्हा फ्रॉइड पाठ होता, आणि रोज मधल्या सुट्टीत पोट दुखतं म्हणून येणाऱ्या पाचवीतल्या एका मुलाशी काय बोलावं ते सुचत नव्हतं. तीन दिवस त्याला ओवा खायला दिला. चौथ्या दिवशी शिपाईमामा हळूच म्हणाले, "मॅडम, त्याचा डबा बघा की एकदा." डबा नव्हताच. आई भांडून गावी गेली होती, वडील रात्रपाळीला, आणि मधल्या सुट्टीत सगळे डबे उघडायला लागले की याचं पोट खरोखरच दुखायचं. मामांना हे दोन आठवडे माहीत होतं. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

हे सांगण्याचं कारण आहे. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं विशाखापट्टणममधल्या एका १७ वर्षांच्या विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात निकाल देताना देशभरातल्या शाळा, कॉलेजं, कोचिंग क्लास अशा सगळ्यांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. कायदा होईपर्यंत त्या बंधनकारक आहेत. त्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि शाळांमध्ये त्यांची सर्रास गल्लत होते. पहिली: १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा, आणि मुलांच्या व किशोरवयीनांच्या मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण त्याला दाखवता आलं पाहिजे. दुसरी: शिकवणाऱ्या आणि न शिकवणाऱ्या सगळ्या कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यायचं. मानसिक प्रथमोपचार, धोक्याच्या खुणा ओळखणं, स्वतःला इजा करणाऱ्या मुलाशी कसं वागायचं, पुढे कुणाकडे पाठवायचं, हे त्यात हवं. न शिकवणाऱ्या म्हणजे शिपाईमामा, मावशी, कारकून, सगळे आले. माझ्या मते या निकालातला हाच सर्वात शहाणा शब्द आहे, आणि शाळा नेमका तोच गाळतात.

तुमच्या मुख्याध्यापकांनी बहुधा पहिली अट वाचली आणि तुमचं नाव लिहून टाकलं. तुम्ही बसता दुसरीत. म्हणून पहिलं काम, दारावर किंवा नोटीस बोर्डावर 'समुपदेशक' अशी पाटी लागली असेल तर ती काढून घ्या. 'संपर्क शिक्षक' म्हणा, दुसरं काही म्हणा. पाटी वाचून पालक येतात आणि त्यांची अपेक्षा त्या शब्दाला धरून असते.

अभ्यासक्रमांचं पटकन सांगते, कारण त्यात फार गुंतागुंत नाही. नोकरी सांभाळून खरोखर या कामात शिरायचं असेल, तर एन.सी.ई.आर.टी.चा मार्गदर्शन व समुपदेशनाचा एक वर्षाचा डिप्लोमा सेवेतल्या शिक्षकांना डोळ्यांसमोर ठेवूनच बांधलेला आहे: काही महिने दूरस्थ, काही महिने समोरासमोर, शेवटी स्वतःच्या शाळेच्या परिसरात प्रत्यक्ष काम. आपल्याला त्यातल्या त्यात जवळचं केंद्र भोपाळ किंवा अजमेर, म्हणजे समोरासमोरच्या महिन्यांसाठी रजेचा प्रश्न येणार. पूर्ण वेळ शिकायची तयारी असेल तर देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत म्हणजे टिसमध्ये उपयोजित मानसशास्त्राचं एम.ए. आहे. याच संस्थेनं १९३७ मध्ये मुंबईत मुलांसाठी देशातलं पहिलं बालमार्गदर्शन केंद्र सुरू केलं होतं, तेव्हा या शहराला हे काम काही नवं नाही. मराठीतून शिकायचं तर मानसिक आरोग्यावर काम करणारी ठाण्याची आय.पी.एच. ही संस्था जवळ आहे, डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली. इग्नू या मुक्त विद्यापीठाचं मानसशास्त्राचं एम.ए. २०२५ पर्यंत घरी बसून करता यायचं, मानसशास्त्र त्यानं पक्कं व्हायचं, पण समोर रडणाऱ्या मुलाबरोबर बसणं पुस्तकातून येत नाही. आणि एक लक्षात ठेवा, 'चिकित्सा मानसशास्त्रज्ञ' (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) ही नोंदणी भारतीय पुनर्वसन परिषदेकडे असते. तीस तासांच्या ऑनलाइन कोर्सनंतर तसं म्हणवून घेणारे भेटले तर नोंदणी क्रमांक विचारा.

पण तुम्हाला यातलं काहीही लगेच नको आहे. तुम्हाला हवंय ते चांगलं छोटं प्रशिक्षण, पाच-सहा पूर्ण दिवसांचं, तेही सलग नको. दोन दिवस, मग तीन आठवडे शाळा, मग परत दोन दिवस. मधल्या आठवड्यांत जे फसतं त्यावर पुढचे दिवस चालतात. तुमची कार्यशाळा चांगली होती की नाही हे ओळखायला मी एकच विचारेन: तुम्हाला कुणी उठवून मुलाच्या खुर्चीत बसवलं होतं का?

शिक्षकांसाठीच्या माझ्या प्रशिक्षण वर्गात मी हे पहिल्याच दिवशी करते. दोन खुर्च्या, एकीत मुलाची भूमिका, एकीत शिक्षक. हातात घड्याळ. मुलगा म्हणतो, "सर, घरी बसवत नाही." समोर बसलेले गणिताचे सर भले गृहस्थ, वीस वर्षं मुलांच्या फिया स्वतः भरणारे. चाळिसाव्या सेकंदाला त्यांचं सुरू: "अरे, एवढं काय? आम्ही एका खोलीत सात जण राहायचो. अभ्यासात लक्ष घाल, सगळं विसरशील." हॉलमध्ये हशा पिकतो, कारण प्रत्येकाला आपलंच वाक्य ऐकू येतं. मग मी मुलाची भूमिका करणाऱ्याला विचारते, तू पुढे काय सांगणार होतास? तो म्हणतो, बाबा रोज पितात हे सांगणार होतो, पण सरांचं ऐकून वाटलं, जाऊ दे. सर गप्प. मग पुन्हा तोच प्रसंग, यावेळी सरांना दोन मिनिटं फक्त "हं", "मग?" आणि "किती दिवस झाले?" एवढंच बोलायची मुभा. ती दोन मिनिटं त्यांना तासाच्या शेवटच्या दहा मिनिटांसारखी जातात. पण मुलगा बोलतो. हे पाच वेळा केल्याशिवाय येत नाही, आणि स्लाइड बघून तर अजिबातच येत नाही. मागच्या रांगेत घटक चाचणीचे पेपर तपासत बसलेल्यांना तर कधीच नाही. (मी त्यांना दोष देत नाही. मतदार याद्या, आधार नोंदणी, पोषण आहाराचे हिशेब, हे सगळं करून ते आलेले असतात. पण मग हजेरीपुरतं आलो असं मान्य करावं.)

दुसरी कसोटी भाषेची. बरीच सामग्री इंग्रजीतून उलथून आणलेली असते. 'तुम्हाला खिन्न वाटते का?' असा प्रश्न भांडुपच्या आठवीतल्या मुलाला विचारून बघा, तो 'नाही' म्हणेल आणि खरंच सांगत असेल, कारण खिन्न तो कधी झालेलाच नाही. आपल्या मुलांचं नैराश्य 'कंटाळा' या शब्दात येतं. "कंटाळा आलाय", "कशात मन लागत नाही", "डोकं फिरलंय", "काही नाही, असंच". नाहीतर ते पोटात आणि डोक्यात येतं, आणि मुलग्यांमध्ये बऱ्याचदा मारामारीत. महापालिकेच्या शाळा आठ भाषांमध्ये चालतात. ज्या भाषेत मूल रडतं त्या भाषेत प्रशिक्षकानं एकदा तरी मुलाशी बोललेलं असावं, ही माझी किमान अपेक्षा.

खुणांची यादी तुम्हाला मिळालीच असेल. मी शिक्षकांना यादीऐवजी बदल बघायला सांगते, त्या मुलाचा त्याच्या स्वतःशी तुलना करून. अक्षर बिघडलं. दुसऱ्या बाकावरून आपणहून शेवटच्या बाकावर गेली. दर सोमवारी गैरहजर. ऑक्टोबरच्या उकाड्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट. आवडती कंपासपेटी मैत्रिणीला देऊन टाकली. यातली प्रत्येक गोष्ट साधीसुद्धा असू शकते, आणि दहातल्या सहा वेळा असतेच. लालबागेत चाळ पुनर्विकासाला गेली आणि घर माहुल नाहीतर कांदिवलीच्या संक्रमण शिबिरात हललं, की मूल दीड तास प्रवास करून येतं आणि तासाला झोपतं, त्यात मानसिक काही नाही. म्हणून निष्कर्ष काढायचा नाही, विचारायचं. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या सुमारे ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले होते. साठांच्या वर्गात चार-पाच. उरलेल्या पंचावन्नांना आजार नसतो, पण वाईट आठवडे असतात, आणि त्यांना तुमच्यासारख्या बाई पुरतात.

आता जीव देण्याबद्दल. शिक्षक इथे सगळ्यात जास्त घाबरतात, "विचारलं आणि तिच्या डोक्यात नसलेलं घातलं तर?" असं होत नाही. या प्रश्नावर पुष्कळ अभ्यास झालाय, विचारल्यानं धोका वाढत नाही, बहुतेकदा मुलाला हायसं वाटतं. म्हणून आडून विचारू नका. "काही वेडंवाकडं तर मनात नाही ना?" या प्रश्नात 'नाही'च उत्तर हवंय हे मुलाला कळतं. सरळ विचारा: "मरून जावं असं मनात येतं का?" 'हो' आलं तर त्याच आवाजात पुढे: कधीपासून, कसं करायचं मनात आहे, ते हाताशी आहे का, आधी कधी केलं होतंस का. कसं आणि कधी हे ठरलेलं असेल तर मुलीला एक मिनिटही एकटं सोडायचं नाही, स्वच्छतागृहातसुद्धा मावशी सोबत. मुख्याध्यापक आणि पालक त्याच दिवशी, त्याच तासात. १४४१६ हा टेली-मानस या केंद्र सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. तिथे तुम्ही स्वतःही फोन लावून "समोर अशी मुलगी आहे, काय करू" असं विचारू शकता. आणि पालक आले की त्यांना एक काम सांगाच: घरातली ढेकणाची, उंदराची औषधं आणि आजीच्या गोळ्या कुलपात. दहा बाय बाराच्या खोलीत कुलपाचं कपाट नसेल तर शेजारी ठेवायला द्या. साधं वाटतं, पण याचा उपयोग होतो हे जगभर दिसलंय, कारण ती तीव्र घटका टळली की बरीच मुलं मागे फिरतात.

लैंगिक अत्याचाराबद्दल असेल तर वेगळं. पॉक्सो कायदा, २०१२, कलम १९: माहिती मिळालेल्या प्रत्येकानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. आधी शाळेची चौकशी, मग मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत असलेल्या सखी सावित्री समितीची बैठक, मग संस्थाचालकांचा सल्ला, असा क्रम कायद्यात नाही. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि गुन्हा हाताखालच्या माणसानं केलेला असेल तर संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत. तुम्ही तपास करायचा नाही. मुलीला पुन्हा पुन्हा सांगायला लावायचं नाही. तिनं सांगितलं तेवढं तिच्याच शब्दांत त्याच दिवशी लिहून ठेवायचं. ज्याचं नाव आलं त्याला बोलावून "खरं का रे?" हे तर कधीच नाही. तिला सांगता येईल असं एक दिलासा देणारं सत्य आहे: जबाब शक्यतो महिला अधिकारी घेते, गणवेशात नसते, आणि घरी किंवा मुलीला बरं वाटेल त्या जागी घेतला जातो. १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइनही मदत करते.

आणि ते "कुणाला सांगू नका". मी हे चुकलेय, म्हणून सांगते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी दहावीतल्या एका मुलीला मी शब्द दिला होता, हातावर हात ठेवून. पंधरा दिवसांनी तिनं दाखवलेल्या मनगटानंतर मला तिच्या आईला बोलवावं लागलं. आईनं समजून घेतलं, उपचार झाले, सगळं नीट झालं. पण मुलगी पुन्हा माझ्या खोलीत आली नाही. जिन्यात भेटली की दुसऱ्या बाजूनं उतरायची. तिला सोडून मी निर्णय घेतला होता. आता मूल बोलायला बसलं की पहिल्या मिनिटात सांगते: "तू बोलशील ते माझ्यापाशी राहील. फक्त तुझ्या किंवा कुणाच्या जिवाला धोका असेल, किंवा कुणी तुला त्रास देत असेल, तर मला एका मोठ्या माणसाला सांगावं लागेल. पण तुला न सांगता नाही. कुणाला आणि कसं, ते आपण दोघी ठरवू." शब्द आधीच देऊन बसला असाल तर हेच आता सांगा, उशिरा सांगितल्याची माफी मागून. मुलं चिडतात. बहुतेक परत येतात.

पुढे पाठवणं ही एक वेगळीच कला आहे आणि कुठल्याच कार्यशाळेत ती नीट शिकवत नाहीत. "केईएमला दाखवा" एवढं म्हटलं की दहातले आठ पालक जात नाहीत. का जात नाहीत? आईला वाटतं, वेड्यांचा डॉक्टर. शिवाय केसपेपरच्या रांगेला सकाळी लवकर उभं राहायचं म्हणजे त्या दिवसाची दोन-तीन घरची कामं बुडणार, आणि आत गेल्यावर काय सांगायचं ते माहीत नाही. मी काय करते सांगते. एका साध्या कागदावर चार ओळी लिहून देते, मराठीत, आईला वाचता येईल असं: किती दिवसांपासून झोप नाही, जेवण कमी, वर्गात काय दिसतं. निदान लिहीत नाही, तो माझा अधिकार नाही आणि तुमचाही नाही. "मन दुखतं त्याचाही डॉक्टर असतो, पोट दुखल्यावर जातो तसंच", एवढं बोलते. वार विचारून ठेवते. केईएम, नायर, सायन, तिन्हीकडे मानसोपचार विभाग आहे; एकदा स्वतः जाऊन ओपीडीचे वार, वेळा आणि तिथल्या समाजसेवकांची खोली बघून या, तुमच्या शाळेपासून केईएम चालत आहे. अभ्यासातली अडचण वाटत असेल, वाचताना अक्षरं उलटसुलट, तोंडी हुशार आणि लेखी शून्य, तर अध्ययन अक्षमतेच्या तपासणीचं बोला. प्रमाणपत्र मिळालं की बोर्डाच्या परीक्षेत सवलती मिळतात, आणि नववी ही त्यासाठी जवळजवळ शेवटची गाडी आहे. अशा कितीतरी मुलांचं 'वर्तन' सहा महिन्यांत सुधारलेलं मी पाहिलंय.

शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यातलं अक्षरही जाता कामा नये. नाव न घेता "आपल्या नववीतली एक" असंसुद्धा नाही. अशा दोन ओळी फिरत फिरत मुलीच्या क्लासपर्यंत पोहोचलेल्या मला माहीत आहेत.

मुख्याध्यापकांकडे आता काय मागायचं ते सांगते. समुपदेशक नेमायला हवाच हे लेखी द्या. पैसे नसतील तर जवळच्या दोन-तीन शाळा मिळून आठवड्यातून दोन दिवस एक जण घेऊ शकतात. तुमच्या वेळापत्रकातून आठवड्याला दोन तास मोकळे. वह्यांसाठी कुलपाचं एक कपाट, किल्ली तुमच्याकडे. आणि महिन्यातून एकदा कुणा अनुभवी माणसासमोर बसून, नावं न घेता, "या महिन्यात मला काय जमलं नाही" हे बोलायची सोय. ही शेवटची मागणी त्यांना चैनीची वाटेल. तुमची गेलेली झोप त्यांना सांगा, तिथूनच पटेल.

खोली मागाल तर मिळणार नाही, मुंबईच्या शाळेत रिकामी खोली कुठली. पण प्रयोगशाळा शनिवारी लवकर मोकळी होत असेल. तिथे बसा, दार उघडं ठेवून, बाहेरून दिसेल पण ऐकू येणार नाही अशा टेबलाशी. फक्त त्याआधी ॲसिडच्या कपाटाला कुलूप आहे ना, आणि किल्ली तिथेच खिळ्याला टांगलेली नाही ना, ते बघून घ्या.